बाळाजीचे वीस रोल

१

बाळाजी मिठबावकर मेला यापेक्षा त्याचं नाणं गेलं, याचीच चर्चा आखातातल्या नईम वस्तीच्या त्या गल्लीत जास्त झाली आणि मंगला केळुसकरला पहिली किळस आली ती तिथंच.

१९७९ सालचा डिसेंबर, गुरुवारची संध्याकाळ. बाळाजी खाटेशेजारी जमिनीवर पडला होता. कुणीतरी त्याच्यावर चादर टाकली होती, तीही अर्धवट, पाय उघडेच. रुग्णवाहिका यायची होती. आणि तोवर खोलीत शिरलेली चार-पाच माणसं खाटेवर बसून नाण्यांचे रोल फाडत होती. शंभरशंभर फिल्सची, म्हणजे दिनाराच्या दहाव्या हिश्शाची नाणी प्रेताच्या चादरीवर घरंगळत होती आणि माणसं ती वेचून उजेडात धरून पुन्हा टाकत होती.

"ठेवा ते खाली," मंगला दारातून म्हणाली. "लाज वाटू दे जरा."

माणसं वरमली. बारा रोल फाडून झाले होते. उरलेले आठ तिनं पदरात गोळा केले, ते केवळ त्यांच्या हाताला पुन्हा लागू नयेत म्हणून.

बाळाजी गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, पन्नाशीचा, देवगडकडचा. मंगलाच्या खानावळीत नऊ वर्षं जेवत होता. त्याला एकच नाद. बँकेत जाऊन नोटा द्यायच्या, कागदात गुंडाळलेले नाण्यांचे रोल घ्यायचे आणि शुक्रवारी सकाळी खिडकीत बसून एकेक नाणं भिंगातून बघायचं. चुकीचा छाप, तिरका छाप, असलं काही निघालं तर ठेवायचं, बाकीची पुन्हा बांधून बँकेत परत. लोक हसायचे. पण दोन महिन्यांपूर्वी त्याला एक शंभर फिल्सचं नाणं सापडलं. त्याच्यावर खजुराचं झाड दोनदा उमटलं होतं, एकावर एक, जरा सरकून. एका इंग्रज साहेबानं त्याचे चारशे दिनार देऊ केले. त्या दिवसापासून कुणी हसेनासं झालं.

"ठेवलंयस कुठं रे?" जेवताना सगळे विचारायचे.

"माणूस माणसांत लपतो, नाणं नाण्यांत," बाळाजी म्हणायचा. "बसलंय कुठल्यातरी रोलात."

आता तो मेला होता आणि नाणं कुठल्याच रोलात नव्हतं. प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते रत्नाबाईनं. मंगलाच्या हाताखाली काम करणारी ही विधवा बाई साडेपाचला त्याच्या उपासाचा डबा घेऊन गेली होती. तिच्याकडे झाडलोटीसाठी खोलीची चावी होती. गॅरेजच्या मॅनेजरला तेवढं पुरलं. शनिवारी सकाळी तिच्या कफीलला, म्हणजे जिच्या नावावर तिचा व्हिसा होता त्या घरमालकिणीला कळवायचं आणि बाईला पोलिसांच्या हवाली करायचं, असं त्यानं तिथंच जाहीर केलं.

रत्नाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. "बाय गे, मी कशाक हात लावूक नाय. डबो ठेवलंय आणि बोंबललंय."

"मला ठाऊक आहे," मंगला म्हणाली.

पण ठाऊक असणं आणि दाखवून देणं यांत शनिवार सकाळपर्यंतचा वेळ होता.

२

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा त्या खोलीत गेली. बाळाजीचा खोलीसोबती शंभू तारी खाटेवर डोकं धरून बसला होता. शंभू कंपनीची गाडी चालवायचा. गुरुवारी एक वाजता तो पाहुण्यांना घेऊन झल्लाकच्या किनाऱ्यावर गेला होता, तो परतला सहाला. पाहुणे सात, सगळे साक्षीला.

"निघालास तेव्हा बाळाजी कसा होता?"

"ठीक होता, वहिनी. उपास होता म्हणून आडवा पडलेला. सकाळीच बँकेतून वीस रोल आणले होते. पिशवी खाटेवरच होती. वरचे रोल मी बघितले, बँकेच्या डिंकाच्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या."

"आणि तू आलास तेव्हा?"

"वीसच्या वीस कुणीतरी उघडून परत बांधलेले. पट्टी एकावर नाही. मग सगळे तुटून पडले त्याच्यावर. मीसुद्धा दोन फाडले." तो खाली बघत म्हणाला.

 मंगला मोरीकडे वळली. तिथं बेसिनच्या कडेनं काळ्या मुंग्यांची जाड रांग लागली होती. रांग भिंतीवरून खाली उतरून पाण्याच्या जाळीत शिरत होती. बेसिनशेजारी ग्लुकोजचा डबा पालथा घातलेला, धुऊन पुसलेला.

"हा डबा इथं कसा? हा तर त्याच्या उशाशी असायचा."

बाळाजीला साखरेचा आजार होता. रोज सकाळी तो स्वतःच सुई टोचून घ्यायचा. कधी घाम फुटून हातपाय कापायला लागले की दोन चमचे ग्लुकोज तोंडात टाकायचा. खानावळीतल्या प्रत्येकानं ते पाहिलं होतं.

"बुधवारीच नवा डबा आणला त्यानं," शंभू म्हणाला. "मीच गाडीतून आणला."

"म्हणजे बुधवारी भरलेला. गुरुवारी रिकामा आणि धुतलेला."

"खाल्लं असेल त्यानं."

"अख्खा डबा खाल्ला असता तर, सगळे म्हणतात तसा, साखर उतरून मेला असता का?"

शंभूनं डब्याकडे बघितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "महादेवरावांनी तर दारातूनच ओळखलं होतं म्हणतात. दवाखान्यातून त्यांना बोलावून आणलं, तर उंबऱ्यातच म्हणाले, उपाशीपोटी इंजेक्शन घेतलं, साखर उतरली. हुशार माणूस."

महादेवराव म्हणजे मंगलाचे यजमान. गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरकडे बारा वर्षं कंपाउंडर.

"हो," मंगला म्हणाली. तिनं मुंग्यांकडे पाठ फिरवली. 

३

नझीर परकार दापोलीकडचा, बँकेत कॅशियर. दुपारच्या जेवणाआधी तो इस्पितळातून बाळाजीचे कागद घेऊन खानावळीत आला, तेव्हा मंगलानं पहिला प्रश्न त्यालाच केला.

"नझीरभाई, ते नाणं तुम्हालाही हवं होतं ना?"

"हवं होतं, भाभी. लपवत नाही. मी शंभर दिनार म्हणालो होतो, तो हसला." नझीरनं खुर्ची ओढली. "गुरुवारी बँक बाराला बंद झाली. मग मी मुहर्रकला भाचीच्या साखरपुड्यात होतो, मगरीबच्या, संध्याकाळच्या नमाजापर्यंत. दीडशे माणसं होती. विचारा."

मंगलानं पदरातून आणलेले आठ रोल त्याच्यापुढं ठेवले. त्यानं एक उचलला आणि लगेच नाक मुरडून बोटं रुमालाला पुसली. "बावीस वर्षं हेच करतोय, पण या नाण्यांचा वास जात नाही. माशांचा, पेट्रोलचा, लोकांच्या घामाचा. घरी गेल्यावर लिंबानं हात धुतो."

"हे कुणी बांधलंय?"

त्यानं रोल फिरवून टोकं पाहिली. "बँकेनं नाही. आम्ही टोकाला गोल चार चुण्या पाडतो आणि पट्टी चिकटवतो. बाळाजीनंही नाही. त्याचं तर्जनीचं पेर पंख्याच्या पट्ट्यात तुटलेलं. त्याला कागद आत खोचता यायचा नाही, तो लिमलेटच्या गोळीसारखी टोकं पिळायचा. हे बघा, इथं त्रिकोण केलाय, त्रिकोणाची जीभ आत खोचलीय. डिंक नाही, पण उलटं धरलं तरी सुटत नाही."

मंगलानं तो रोल हातात घेतला. तिच्या बोटांनी ती घडी तिच्याआधी ओळखली. तिनं रोल परत ठेवला.

"एक रोल उघडून, पन्नास नाणी दोन्ही बाजूंनी बघून, पुन्हा बांधायला किती वेळ लागतो?"

"माझ्यासारख्याला चार मिनिटं. दुसऱ्याला जास्तच."

"वीस रोल."

"ऐंशी मिनिटं," नझीर म्हणाला. "म्हणजे रत्नाबाई नाही. ती तर…"

"ती दोन वाजल्यापासून माझ्याबरोबर चकल्या तळत होती. सव्वापाचला डबा घेऊन निघाली. साडेपाचला तिची बोंब ऐकू आली. रोल सोडा, तिला पिशवी उघडायलाही वेळ नव्हता."

नझीरनं मान हलवली, पण त्याचा चेहरा उतरला होता. "भाभी, डॉक्टर काय म्हणाला सांगू? मौत साडेचार ते पाचच्या दरम्यान. आणि त्याआधी एक-दीड तास हा माणूस जमिनीवर अर्धवट शुद्धीत असणार. कपाळ घासलेलं, नखांत चटईचे धागे. डॉक्टर म्हणाला, तेवढ्या वेळात कुणी ग्लासभर साखरपाणी पाजलं असतं तर शनिवारी कामावर गेला असता."

दोघंही त्या आठ रोलांकडे बघत राहिले. साडेपाचला रत्नाबाई आत गेली तेव्हा रोल बांधून पिशवीत भरलेले होते, ग्लुकोजचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. त्यातून ऐंशी मिनिटं मागं मोजली की चार वाजून दहा मिनिटं येत होती, फार तर त्याच्याही आधी.

"म्हणजे तो जिवंत असताना," नझीर हळू आवाजात म्हणाला. "खाटेवर बसून. पाय त्याच्या शेजारी सोडून."

मंगला उठली आणि मोरीत जाऊन ओकली.

४

बारा वर्षं तिच्या घरात हिंग, वेलदोडे, केशर, तापाची पावडर सगळं एकाच प्रकारच्या पुडीत येत होतं. कागदाचा त्रिकोण, त्रिकोणाची जीभ आत. लग्नानंतर पहिल्या वर्षी महादेवनं तिला ती घडी शिकवायचा प्रयत्न केला होता. तिला जमली नव्हती. "याला सवयीचा हात लागतो," तो कौतुकानं स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाला होता.

नझीरला बाहेर बसवून ती आतल्या खोलीत गेली. महादेव गल्लीतल्या लोकांबरोबर अंत्यविधीच्या परवानगीसाठी गेला होता. पुढाकार त्याचाच. बाळाजीच्या बायकोसाठी वर्गणीची यादीही सकाळी त्यानंच केली होती आणि पहिलं नाव स्वतःचं घातलं होतं, पाच दिनार.

दवाखाना एक ते पाच बंद असतो. गुरुवारी दुपारी तो घरी आला नव्हता. "बाकड्यावरच डोळा लागला," असं रात्री म्हणाला होता. आणि मग जेवला होता. तिला आता ते आठवलं. कोलंबीचं कालवण, तीन भाकऱ्या. बोटं चाटून जेवला होता.

त्याची कातडी पिशवी खुंटीवर होती. तिनं ती खाली घेतली. आत सुया, कापूस आणि तीस-चाळीस पुड्या, सगळ्या सारख्या. ती जमिनीवर बसली आणि एकेक पुडी उघडू लागली. पांढरी पावडर, पिवळी पावडर, गोळ्यांचा चुरा. सतरावी पुडी जड होती.

आत नाणं होतं. खजुराचं झाड, आणि त्याच्या अंगावर जरा सरकून दुसरं झाड. नाणं नीट पुसलेलं होतं, पण झाडाच्या खोडाच्या रेघेत पांढरा चिकट कण अडकला होता. तिनं तो नखानं काढला. चाखायची तिची हिंमत झाली नाही. तिनं तो उंबऱ्यापाशी ठेवला आणि बघत बसली. दोन मिनिटांत एक मुंगी आली, मग दुसरी.

नाणं रोलात कधीच नव्हतं. ते ग्लुकोजच्या डब्याच्या तळाशी होतं, बुधवारी नवा डबा आला तेव्हा त्यात हलवलेलं. बाळाजीनं सगळ्यांना बरोबर चकवलं होतं.

तिचा व्हिसा महादेवच्या नावावर होता. तो गेला की तीही गेली. खानावळ, चौदा माणसांचं जेवण, नऊ वर्षांत जमवलेली एकूण एक भांडी, सगळं गेलं. ती पुडी पुन्हा बांधून ठेवली तर कुणाला कळणार नव्हतं. शनिवारी रत्नाबाई पोलिसांच्या गाडीत बसली असती आणि रविवारी याच माणसाच्या ताटात तिनं भात वाढला असता.

तिला स्वतःच्या ओट्याकडे बघवेना. आदल्या रात्री त्यानं तिथंच हात धुतले होते.

५

शुक्रवारी दीड वाजता नेहमीची माणसं जेवायला बसली. महादेव दमून आला होता. हातपाय धुऊन तो आपल्या जागेवर बसला. मंगलानं सगळ्यांना वाढलं. त्याच्या पुढ्यात मात्र ताटाऐवजी पन्नास नाणी आणि एक कागद ठेवला.

"अहो, जेवायच्या आधी एवढं बांधून द्या. नझीरभाईंना बँकेत भरायचंय."

"आत्ता?" तो त्रासून म्हणाला. पण हात आपोआप चालू लागले. नाणी रचली, कागद फिरवला, टोकाला त्रिकोण, जीभ आत. दुसरं टोक, त्रिकोण, जीभ आत.

मंगलानं तो रोल उचलला, ते आठ रोल आणून त्याच्या शेजारी ओळीनं मांडले आणि म्हणाली, "शंभू, यातला नववा ओळख."

शंभूनं वाकून पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. घास हातातच राहिले.

"हे काय चाललंय?" महादेव म्हणाला.

"गुरुवारी दुपारी तुम्ही बाळाजीच्या खोलीत होता. वीस रोल उघडून बांधलेत. कुणाला कळू नये म्हणून नीट बांधलेत, आणि तुमच्या हाताला एकच घडी येते." तिनं पुडी उघडून नाणं चटईवर ठेवलं. "हे तुमच्या पिशवीत होतं."

 मग महादेवनं घसा खाकरला. आवाज शांत होता, पेशंटला समजावताना असायचा तसा. "ठीक आहे. मी गेलो होतो. पण मी गेलो तेव्हा तो संपलेला होता. मेलेल्या माणसाला नाण्याचा काय उपयोग? गावच्या घराचा स्लॅब राहिलाय. तुझ्यासाठीच ना ते घर?"

"संपलेला होता?"

"देवाशपथ."

"मग ग्लुकोजच्या डब्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मंगलानं विचारलं. "बाळाजी सगळ्यांना रोलच सांगायचा. म्हणून तुम्ही वीसच्या वीस रोल धुंडाळलेत. त्यात काही नव्हतं. खोलीत दोन ट्रंका आहेत, गाद्या आहेत, कोनाडा आहे, शंभूची पेटी आहे. त्यांतलं काही उचकटलेलं नाही. रोल झाले की तुम्ही सरळ डब्याकडे वळलात. कसे?"

महादेव नाण्याकडे बघत होता. त्याला वाटलं असावं की आता नाणं यांच्या हाती लागलंच आहे, तर एवढं सांगायला हरकत नाही. किंवा आपण किती अचूक ताडलं, हे कुणाला तरी सांगायचं राहून गेलं होतं.

"तो सारखा डब्याकडे हात करत होता," तो म्हणाला. "पहिल्यापासून. मी रोल बघत होतो तर याचा हात तिकडेच. मग माझ्या लक्षात आलं, नाणं तिथं असणार."

शंभूनं ताट लांब सारलं. कोपऱ्यातला एक म्हातारा सुतार उठून बाहेर गेला. नझीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"तू कंपाउंडर आहेस," मंगला म्हणाली. बारा वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला पहिल्यांदा तू म्हणाली, आणि ते कुणालाच खटकलं नाही. "घाम बघितलास. कापरं बघितलंस. साखर उतरलीय हे दारातून ओळखलंस, दुसऱ्यांदा आलास तेव्हा. पहिल्यांदाही ओळखलं असणार."

"घाबरलो होतो मी."

"दीड तास?"

"आधी वाटलं, रोल बघून होतील तोवर टिकेल. मग देऊ."

"आणि डबा हातात आला तेव्हा?"

 तिला ते दिसलंच. त्यानं झाकण उघडलं, बेसिनमध्ये भसाभस ओतलं, बोटानं तळ चाचपला. मागं बाळाजी हात पसरून पडला होता, किंवा तोवर हात खाली पडलाही होता. मग डबा धुतला. धुऊन पुसला.

"मला भूक लागलीय," महादेव एकदम म्हणाला, केविलवाणेपणानं. "सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

मंगलानं भाताचं पातेलं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

६

पोलिसांनी चोरी लिहून घेतली. अधिकारी तरुण होता. नझीर अरबीत सगळं सांगत असताना त्यानं दोनदा लेखणी थांबवली. बाकीच्या गोष्टीचं काय, असं नझीरनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की नुसतं बसून राहणं कुठल्या कलमात घालायचं ते वरचे ठरवतील. वरच्यांनी काही ठरवलं नाही. डबा त्यानं मरणाऱ्याच्या हातातून ओढला असं सिद्ध होत नव्हतं. तीन महिने तुरुंग आणि मग विमानात. खलास.

गॅरेजच्या मॅनेजरनं रत्नाबाईची माफी मागितली नाही, पण शनिवारी तो कफीलकडे गेलाही नाही. वर्गणीच्या यादीतलं पहिलं नाव शंभूनं ब्लेडनं खरवडून काढलं.

पोलिसांकडून नाणं सुटल्यावर ते हातात घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी नझीरनं रुमालात धरून साहेबाकडे नेलं आणि बाळाजीच्या बायकोच्या नावे ड्राफ्ट आणला. त्यानंतर त्यानं रोलांच्या खिडकीवरून बदली मागून घेतली.

मंगलाला महिन्याची मुदत मिळाली. तिनं खानावळ रत्नाबाईच्या हवाली केली. भांडी दिली. फक्त महादेव ज्यात जेवायचा ते ताट आणि वाटी तिनं कचऱ्याच्या पिंपात टाकली. महादेवचा तुरुंगातून एकदा निरोप आला, भेटायला ये म्हणून. ती गेली नाही. गावी उतरल्यावर सासरच्या रस्त्यालाही लागली नाही. माहेरी पिशवी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मिठबावला गेली.

बाळाजीची बायको काशीबाई अंगणात सुपारी वाळत घालत होती. तिनं ड्राफ्टचं पाकीट घेतलं, न उघडता मांडीखाली ठेवलं. पाणी दिलं.  बाळाजीच्या साखरेबद्दल, उपासांबद्दल, तुटलेल्या बोटाबद्दल काशीबाई आपणच बोलत राहिली. मग थांबली.

"एक विचारू काय गे? लोक सांगतत, ते एकटेच होते. माका ताच लागून ऱ्हवलाहा. शेवटाक जवळ कोण होता काय?"

वाटेत एसटीत मंगलानं ठरवलं होतं, एवढं एक खोटं बोलायचं. झोपेत गेले म्हणायचं. काशीबाईच्या चेहऱ्याकडे बघून तिला तेही जमेना. ते सुद्धा त्याच माणसाच्या बाजूनं बोलल्यासारखं झालं असतं.

"होता," ती म्हणाली. "माझा नवरा होता."

आणि मग तिनं सगळं सांगितलं.